जतन आकार

रजिस्टर टपालाचं पाकीट आलं तेव्हा मी मेथी निवडत होते. जुडी तशीच सुपात टाकली, हात पदराला पुसले आणि पोस्टमनच्या कागदावर सही केली. पंधरा वर्षं ज्याची वाट बघितली तेच हे पाकीट, अशी माझी पक्की समजूत. तुमचं घराचं कर्ज फिटत आलं, या आणि खरेदीखत घेऊन जा, एवढं दोन ओळींचं पत्र आत असणार. मी तर मनातल्या मनात पेढेसुद्धा आणले होते.

पत्र दोन पानी निघालं. पहिल्या पानावर सगळं गोडगोड. पुढच्या महिन्यात तुमची विमा पॉलिसी पिकते आहे, तिच्या रकमेतून मुद्दल फिटेल, अभिनंदन. दुसऱ्या पानावर एक तक्ता आणि त्याच्या डोक्यावर जाड अक्षरात ‘विमा पॉलिसी जतन आकार’. संस्थेच्या तिजोरीत आपली पॉलिसी पंधरा वर्षं सुरक्षित ठेवल्याबद्दल दरसाल इतका आकार, त्यावर व्याज, त्या व्याजावर पुन्हा व्याज. खालची बेरीज माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी. ही रक्कम भरल्याशिवाय खरेदीखत परत मिळणार नाही.

मी ते तीनदा वाचलं. मला वाटलं चुकून दुसऱ्या कुणाचं पत्र आलं. पाकीट उलटं केलं, नाव बघितलं. नाव माझंच होतं. अहो, कागद सांभाळायचे पैसे? पाच-सहा पानांचा कागद तो! काय रोज दूध पाजत होते की काय त्याला? तळपायाची आग मस्तकात गेली. शिवाय खरेदीखत घरी येणं ही माझ्यासाठी नुसती कागदाची गोष्ट नव्हती. त्या खरेदीखतावर माझ्या आईचं राहणं अडलं होतं.

ते कसं ते सांगते. मी प्राथमिक शाळेत बाई. त्र्याण्णव साली मी आहुप्याच्या शाळेवर होते आणि हे, म्हणजे माझे यजमान, जुन्नरच्या बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचे. माझ्या पगारावर, माझ्या नावावर आम्ही जुन्नरात दोन खोल्या आणि पडवीचं घर बांधायला काढलं. मंचरच्या एका कर्ज देणाऱ्या संस्थेची तेव्हा एक योजना होती. दरमहा फक्त व्याज भरायचं. मुद्दल भरायचंच नाही. त्याऐवजी पंधरा वर्षांची विमा पॉलिसी काढायची, तिचा हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा, आणि ती पिकली की तिच्यातून मुद्दल फिटायचं. तोवर घराचं खरेदीखत आणि पॉलिसी, दोन्ही संस्थेकडे गहाण.

जागा घ्यायला पैसे कमी पडले तेव्हा आईने गळ्यातली पुतळ्यांची माळ काढून दिली. मी तिची एकुलती एक. वडील लवकर गेले, तेव्हापासून बोरी बुद्रुकला ती एकटीच राहायची. जरा शेत, दोन शेळ्या, आणि तोंडाने खमकी. माझा स्वभाव कुठून आला हे कुणी विचारायला नको.

वास्तुशांतीला ती आली. दोन्ही खोल्या फिरली, भिंतीला हात लावून बघितला, पुरणपोळी खाल्ली, आणि सगळे पाहुणे बसलेले असताना मला म्हणाली,

“बाय, कागद कुठंय घराचा?”

“संस्थेत आहे आई. कर्ज फिटलं की देतील.”

“आन् कर्ज कवा फिटायचं?”

“पंधरा वर्षांनी.”

“मंग ही वास्तुशांत कुणाच्या घराची केलीस?”

मी कपाळावर हात मारून घेतला. पाहुणे हसले. ती काही हसली नाही. “कागद परक्याच्या घरात, तर घर बी परक्याचं. मी न्हाई ऱ्हायची हितं,” म्हणाली आणि पाचच्या गाडीने बोरीला गेली. त्यानंतर पंधरा वर्षांत ती कितीतरी वेळा आली. सकाळच्या गाडीने यायची, जेवायची, माझ्या भांड्यांना नावं ठेवायची, आणि पाचची गाडी गाठायची. एक रात्र म्हणून ती माझ्या घरात झोपली नाही. मी आजारी होते तेव्हा शेजारणीकडे झोपली, पण माझ्याकडे नाही! मी चिडायचे, भांडायचे, एकदा तर स्टँडवर तिला तशीच सोडून निघून आले. “हट्टी आहेस तू, अडाणी आहेस,” असंही बोलले. शाळेत पोरांना शिकवणारी मी, आणि आईला अडाणी म्हणाले. आता ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

पत्र आलं त्याच्या आधीच्या थंडीत आई गोठ्यात घसरून पडली. शेजारीण शेण न्यायला आली म्हणून कळलं, नाहीतर किती वेळ पडून राहिली असती कुणास ठाऊक. तेव्हापासून कमरेत लंगडायची, काठी आली. पंच्याहत्तरीला टेकलेली बाई, एकटी घरात. मी हात जोडले, पाया पडले. उत्तर एकच. “कागद आला की येते. कितीक दिस राह्यलं आता?” मी तिला बोटं मोजून दाखवायचे. ती पण मोजायची.

आणि आता हा जतन आकार.

“भरून टाकू,” हे म्हणाले. “सोसायटीचं कर्ज काढू, पण मिटवू.”

“का म्हणून भरू? तिजोरी काय माझ्यासाठी बांधली होती त्यांनी?” मी असं म्हटलं, आणि हे गप्प बसले. ते नेहमीच गप्प बसतात, पण त्या दिवशी जरा जास्तच गप्प बसले. माझ्या ते लक्षात आलं नाही. मी आपली पत्रातल्या बेरजा तपासत होते.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मंचरला गेले. तिथला साहेब तरुण होता, तिशीतला, चष्मेवाला, बोलायला अगदी मऊ. असा माणूस समोर आला की मला भांडता येत नाही आणि त्याचाच मला राग येतो. त्याने माझी फाइल काढली, माझा करार काढला, आणि सातव्या पानावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर पेन्सिल ठेवली.

“मॅडम, इथे बघा. संस्थेच्या ताब्यातील पॉलिसीच्या जतनासाठी संस्था ठरवील तो आकार. खाली तुमची सही.”

सही माझी होती. वळणदार, ठसठशीत, बाईंची सही. ‘वाचल्याशिवाय कशावरही नाव घालू नका,’ हे चौथीच्या वर्गाला मी दरवर्षी बजावते. पंधरा वर्षांत एका कागदावर, एका पावतीवर या आकाराचा शब्द नव्हता. आणि आज शेवटच्या दिवशी सगळा एकदम!

“अहो, पण दरवर्षी सांगायला काय झालं होतं?”

“दरवर्षी लावायचं धोरण नव्हतं मॅडम. खातं बंद करताना एकरकमी लावतात. वरूनच आलंय.”

मला रडू यायला लागलं होतं आणि रडायचं तर नव्हतं. मग रागाच्या भरात मी एक बोलले. का बोलले, माझं मलाही ठाऊक नाही. दुकानदार वजन कमी देतोय असं वाटलं की आपण ‘काटा दाखव’ म्हणतो, तसंच काहीसं.

“एवढे पैसे घेताय ना सांभाळायचे? मग दाखवा मला. कशी सांभाळलीत ती बघू तरी द्या.”

साहेब हसला. नोंदवही उघडून त्याने नंबर शोधला. नोंद होती, पॉलिसी प्राप्त, तारीख, तिजोरी, पाकीट क्रमांक. तो आत गेला. मी बाकावर बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. एक चहा आला, गार झाला. अर्ध्या तासाने साहेब एक खाकी पाकीट घेऊन आला आणि त्याचा चेहरा पार उतरलेला होता. पाकिटात विमा कचेरीचं एक पत्र होतं, पॉलिसी संस्थेच्या नावे गहाण लागल्याची नोंद केली असं सांगणारं. पॉलिसी नव्हती.

मी पाकीट उलटं करून झटकलं. त्यानेही झटकलं. मग त्याने घसा खाकरला आणि जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरायची नाही.

“मॅडम, पॉलिसी गहाळ झालेली दिसते. तुम्हाला डुप्लिकेट काढावी लागेल. पेपरात जाहिरात, स्टँपपेपरवर हमीपत्र, मग विमा कचेरीची चौकशी. सहा-आठ महिने धरा. खर्च तुमच्याकडे.”

“हरवली तुम्ही आणि खर्च माझा?”

“नियम तसा आहे.”

“आणि तो जतन आकार?”

“तो तर भरावा लागेलच,” तो म्हणाला. इतक्या हळू म्हणाला, की त्यालाही ऐकायची लाज वाटत असावी.

मंचरहून जुन्नरपर्यंत गाडीत मी महिने मोजत आले. सहा-आठ महिने! आईची कंबर, तो गोठा, पुढचा सगळा पावसाळा. घरी आले, चप्पल भिरकावली आणि यांना सगळं सांगितलं. आता हे उठतील, संस्थेच्या नावाने बोटं मोडतील, निदान ‘अरे देवा’ तरी म्हणतील, अशी माझी अपेक्षा. हे चहाची बशी हातात धरून नुसते बसले. मग खाली बघून म्हणाले,

“ती तिथं नसणारच.”

“म्हणजे?”

“मी दिलीच नाही तिथं. बोरीला आहे. आईंच्या पेटीत.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी खाली बसले. पंधरा वर्षं या माणसाबरोबर एका ताटात जेवले मी!

झालं होतं असं. त्र्याण्णवच्या दिवाळीआधी माझ्या शाळेला अजून सुट्टी लागली नव्हती. मी आहुप्याला, आणि तिथून खाली यायला दिवसाची एक गाडी. म्हणून पॉलिसीवर सही करून मी ती यांच्याकडे दिली. यांनी नारायणगावला विमा कचेरीत नोंद करून शिक्का मारून आणला. मंचरचा तेव्हाचा कारकून म्हणाला, सुट्ट्या लागल्यात, मी आत्ताच वहीत नोंद करून टाकतो, तुम्ही कागद दिवाळी झाल्यावर आणून द्या. जुन्नर काय आणि मंचर काय, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, असा तो कारभार. हे तिथून आईला फराळाचा डबा द्यायला बोरीला गेले. आईने पिशवीतला कागद बघितला. काय आहे विचारलं. यांनी भोळेपणाने सगळं सांगितलं. आई म्हणाली, “लक्ष्मीपूजनापुरता ऱ्हाऊ द्या, पावणं. सोन्यावानी कागद हाय, पूजेत मांडते.” आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला दागिन्यांबरोबर महत्त्वाचे कागदही पाटावर मांडतात, त्यामुळे यांना काही वावगं वाटलं नाही. भाऊबीज झाल्यावर हे आणायला गेले. आईने लाडू दिले, चहा दिला, कागद दिला नाही.

“मी तीन-चार वर्षं मागितला गं,” हे म्हणाले. “दर वेळी म्हणायच्या, तिकडून कुणी मागाय आलंय का? मी म्हणायचो, नाही. मग खावा लाडू, म्हणायच्या. कारकुनाची तर बदलीच झाली. कुणी विचारलंच नाही.”

“आणि मला का नाही सांगितलंत?”

यांनी माझ्याकडे बघितलं. “तुला? मला काय जीव नकोसा झालाय?”

दुसरी वेळ असती तर मला हसू आलं असतं. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. एवढ्या वर्षांत ‘घर परक्याचं’ म्हणत आई पाचच्या गाडीने जात राहिली, आणि गहाणातला अर्धा ऐवज तिच्या पेटीत! माझ्या आईने आणि माझ्या नवऱ्याने मिळून मला पंधरा वर्षं वेड्यात काढलं होतं.

सकाळी पहिल्या गाडीने आम्ही दोघं बोरीला गेलो. आई ओट्यावर कांदे निवडत होती. यांचा चेहरा बघूनच ती समजली. काठी घेऊन आत गेली, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. फडक्यात कडुलिंबाचा वाळका पाला होता. कागदाला कसर नव्हती, घडी नव्हती. संस्थेच्या तिजोरीत तो इतका नीट राहिला असता का, शंकाच आहे.

पहिल्या पानावर माझ्या नावाखाली लाल ठसे होते. सुरुवातीचे पार तपकिरी पडलेले, शेवटचा अजून लालभडक. ओळीत, एकाशेजारी एक. कुंकू लावतात ते बोटाच्या टोकाने. हे बोट नव्हतं, अख्खा अंगठा होता. रेघा मोजता याव्यात इतका स्वच्छ. मी ठसे मोजले. पंधरा भरले.

“आई, काय केलंस गं तू हे!”

“काय केलं? सांभाळला.”

“अगं, तिकडे ते याचेच पैसे मागतायत! हा कागद सांभाळल्याचे! पंधरा वर्षांचे!”

तिने काठी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, मग पेटीकडे. तिला खरंच कळेना. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तिचे डोळे एवढे मोठे झाले.

“माझ्या पेटीचं भाडं त्यास्नी द्यायचं?”

“हो.”

“थांब. लुगडं बदलते. मी बी येते.”

“तू कशाला? कंबर बघ तुझी.”

“कागद एकला जायचा न्हाई,” ती म्हणाली आणि आत गेली.

मंचरला पोचेस्तोवर दुपार झाली. साहेब आम्हाला बघून उठून उभा राहिला. मी टेबलावर फडकं सोडलं. तो कागद त्याने उलटसुलट केला, ठशांवर बोट नेलं, आणि विचारलं, “हे डाग कसले?”

“दिवाळीचं कुंकू,” मी म्हटलं. “मोजा. पंधरा आहेत. पंधरा वर्षं हा कागद माझ्या आईच्या पेटीत होता. तुमच्या तिजोरीत नव्हता.”

तो त्याच मऊ आवाजात म्हणाला, “पण मॅडम, मग हा तुमच्याकडून करारभंग झाला. पॉलिसी आमच्याकडे जमा करायची होती.”

आता मात्र मी पेटले. “तुमच्या वहीत ती जमा आहे, साहेब. तुम्हीच काल दाखवलंत. आता वही खरी म्हणायची तर कागद तुम्ही हरवलात. आणि कागद आमच्याकडे होता म्हणायचं तर पंधरा वर्षं तुम्ही रिकामं पाकीट सांभाळलंत. रिकाम्या पाकिटाचा काय दर आहे, तेवढा सांगा, लगेच भरते!”

शेजारच्या टेबलावरची टायपिंग करणारी बाई थांबली. हे माझ्या पदराची कड ओढायला लागले. साहेबाने कपाळ पुसलं. मग म्हणाला, वरिष्ठांना लिहितो, पण आधी पॉलिसी जमा करून घेतो, नाहीतर पुढचं काहीच हलणार नाही. त्याने एक कोरा कागद ओढला, चार ओळी लिहिल्या आणि शाईचा पॅड आईच्या पुढे सरकवला.

“आजी, पॉलिसी तुमच्याकडे होती आणि आज तुम्ही दिलीत, एवढंच आहे. इथे अंगठा द्या.”

आईने दोन्ही हात पदरात घेतले.

“न्हाई.”

“आजी, नुसती पोच आहे.”

“अंगठा न्हाई द्यायची.”

“आई, दे ना,” मी म्हटलं. “मी वाचलाय कागद. तसलं काही नाही त्यात.”

ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज कधी चढला की मला कळतं कसं उत्तर द्यायचं. तो चढला नव्हता.

“येकदा दिला व्हता,” ती म्हणाली. “आण्याला, म्हायेरी. माझा बाप गेला त्या साली. भावानं भाऊबीजेला बोलावलं. तू दोन वर्सांची, माझ्या कडंवर. मी ववाळलं. त्यानं ताटात लुगडं टाकलं. मंग म्हनला, आक्का, बापाच्या जमिनीचा कागद हाय, नीट सांभाळाय पायजे, हितं अंगठा दे. तलाठ्याच्या मानसानं वाचून बी दाखवला. मी म्हनलं, भाऊच तर हाय. दिला अंगठा.”

तिने हात पदरात आणखी आत घेतले.

“फुडल्या साली गेले तवा म्हनला, तुजं काय राह्यलंय हितं? लुगडं न्हाई का नेलंस? तवापास्नं म्या कुनाला अंगठा दिला न्हाई. रॉकेलचं कार्ड काढलं न्हाई, पेन्शन घेतली न्हाई. देवाला द्यायची फकस्त. दिवाळीला.”

मी पन्नास वर्षांची होते. या बाईच्या हातचं खाऊन वाढले होते. आण्याला आपलं कुणी नाही, एवढंच ती सांगायची, आणि मी का म्हणून कधी विचारलं नव्हतं. निराधार पेन्शनचा फॉर्म मी स्वतः दोनदा आणला होता आणि तिने तो चुलीत घातला म्हणून दोनदा भांडले होते. यांनी मला खुर्ची दिली.

साहेबाने पॅड बाजूला सारला. मग त्याने तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. “ठीक आहे आजी. तुम्ही नका देऊ. मी तुम्हाला पोच देतो. संस्थेला पॉलिसी तुमच्याकडून मिळाली अशी.” तो लिहायला लागला. तारखेपाशी त्याचं पेन थांबलं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, आज मिळाली असं मी लिहिलं, की आधीच्या पंधरा वर्षांचा आकार उरत नाही.”

“मग काय लिहिणार?” मी विचारलं.

त्याने आजची तारीख घातली, खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद आईपुढे धरला. आईने कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“हे काय हाय खाली?”

“माझी सही, आजी.”

“मला काय वाचता येतंय? ही सही तुजी का आन् कुनाची, मला काय ठावं? अंगठा लाव.”

“आई!” मी ओरडले. हे तर दाराकडे निघालेच. साहेब शिकलेला माणूस, पदवीधर, खुर्चीवरचा. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. टायपिंगची बाई तोंडाला पदर लावून बघत होती.

त्याने पॅड स्वतःकडे ओढला. डाव्या हाताचा अंगठा शाईत दाबला आणि सहीच्या बाजूला टेकवला. आईने तो ठसा उजेडात धरून नीट पारखला, मग कागदावर फुंकर घालून फडक्यात बांधला. त्यानंतरच तिने टेबलावरची पॉलिसी उचलून त्याच्या हातात दिली.

“नीट ठेव लेकरा,” ती म्हणाली. “आन् पैसं मागू नको.”

महिनाभर काही कळलं नाही. मी रोज पोस्टमनची वाट बघायचे आणि आई बोरीहून शेजाऱ्याच्या फोनवरून विचारायची. मग एक पत्र आलं. कारण नाही, माफी नाही, फक्त जतन आकार रद्द करण्यात येत आहे एवढं. पॉलिसी पिकली, मुद्दल फिटलं, आणि श्रावणात एका मंगळवारी मी मंचरहून खरेदीखत घेऊन आले. आणताना गाडीत मी ते पदराखाली धरलं होतं. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं.

त्याच आठवड्यात हे टेंपो घेऊन गेले आणि आईला घेऊन आले. सामान काय, ती पेटी, काठी, दोन पातेली आणि एक शेळी, जी ठेवायची कुठे यावर आमचं भांडण झालंच. आई मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली. मी खरेदीखत तिच्या मांडीवर ठेवलं. तिने देव्हाऱ्यातलं कुंकू मागितलं, अंगठा बुडवला आणि माझ्या नावाखाली टेकवला. दिवाळी नव्हती, तरी मी काही बोलले नाही.

“वाच,” ती म्हणाली.

“सगळं?”

“सगळं.”

मी वाचायला बसले. बाईंच्या आवाजात, शाळेत वाचते तसं, स्पष्ट. लिहून देणार, लिहून घेणार, गट नंबर, क्षेत्र. मग चतुःसीमा आली, म्हणजे जागेच्या चारी बाजूंना काय काय आहे ते. मी वाचलं, “पूर्वेस रस्ता. पश्चिमेस...”

“पूर्वेस ओढा,” आई म्हणाली.

मी थांबले. “नाही गं. रस्ता लिहिलाय.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती, डोळे अर्धे मिटलेले. आणि तिची बोली नव्हती ती. कागदाची भाषा होती, तलाठ्याच्या माणसाची, शब्दन् शब्द.

“पूर्वेस ओढा. पश्चिमेस थोरल्या घराचा बांध. दक्षिणेस गाडीवाट. उत्तरेस गायरान. येणेप्रमाणे चतुःसीमेतील जमीन, आतील विहीर एक, आंब्याची झाडे दोन, झाडझाडोऱ्यासह.”

आण्याच्या त्या कागदाला जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.

“आई,” मी म्हटलं, “हे तुला कसं...”

“येकदाच वाचून दाखवला व्हता,” ती म्हणाली. मग तिने काठीच्या टोकाने माझ्या हातातला कागद दाखवला. “थांबलीस का? फुडं वाच.”